चार आठवड्यांच्या पावसाच्या अंदाजावर पेरणी ठरवावी का?

मदत हवी आहे. लातूरकडे आमचं कोरडवाहू सोयाबीन. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, हे पाळतोच. काळजी आहे ती नंतरच्या उघडिपीची. हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतो. पण सुरुवातीच्या नोंदीतली बारीकशी चूकही मॉडेलमध्ये वाढत जाते, हे हवामानशास्त्रज्ञ लोरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवलं; रोजचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपुढे टिकत नाही म्हणतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या नकाशात मराठवाड्यावर 'सरासरीपेक्षा कमी' दिसलं, तर पेरणी थांबवावी का? एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं), एमजेओ (विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा ढग-पावसाचा पट्टा) यांच्यामुळे त्या अंदाजात खरंच दम येतो का? हे नकाशे नेहमी वाचणाऱ्यांनी कृपया सांगा. बियाणं घरात येऊन पडलंय.