दुधी बंद करू नका, फोडणी आणि वेळ बघा

ताई, आठवडाभर दुधी खाऊनही यजमानांची छातीतली जळजळ थांबली नाही, मग दुधी बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. दुधीत 90 टक्क्यांहून जास्त पाणी, आंबटपणा नाही. बहुतेकांना तो सोसतो. फोडणी मात्र बघा. तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहतं, लसूण-तिखटानेही काहींना त्रास होतो. आमच्याकडे थोड्या तेलात जिरं-हिंग, मूगडाळ, वर कोथिंबीर, एवढंच.

माझी जळजळ खरी कमी झाली ती वेळ बदलल्यावर. लोकलने घरी पोचायला साडेनऊ, दहाला जेवण की लगेच आडवं! आता रात्रीचा डबा ऑफिसातच सातला खातो.

एक कळकळीची विनंती. ते दुधीचा कच्चा रस पीत असतील, तर आधी फोड चाखून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या, शिजवूनही खाऊ नका. त्यातल्या कुकुरबिटासिन या कडू, विषारी घटकामुळे रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावलीही आहेत.

आणि घास गिळताना अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर भाजीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.