लक्ष्या, अशोकमामा आणि आपण: ऐंशीच्या दशकातल्या धमाल चित्रपटांचा अनुभव धागा

मंडळी, गेल्या रविवारी माझा पंधरा वर्षांचा भाचा मोबाइलवर काहीतरी बघून एकटाच खिदळत होता. डोकावून पाहिलं तर 'बनवाबनवी'तला डायबेटिसच्या औषधाचे सत्तर रुपयेवाला प्रसंग! मी विचारलं, "पूर्ण पिक्चर बघितलायस का रे?" तर म्हणे नाही, तुकडेच बघितलेत. मग काय, त्याला समोर बसवून 'अशी ही बनवाबनवी' पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. तो पडद्याकडे बघत होता आणि मला मात्र हा चित्रपट पहिल्यांदा पाहताना शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, तेच सारखं आठवत होतं.

म्हणून हा धागा. 'धूमधडाका' १९८५चा, 'गंमत जंमत' आणि 'दे दणादण' १९८७चे, 'बनवाबनवी' १९८८चा, 'थरथराट' १९८९चा. ही पाच वर्षं आपल्यातल्या बऱ्याच जणांची शाळा-कॉलेजची वर्षं. त्याआधी मराठी विनोदी चित्रपट म्हटलं की दादा कोंडके, गाव, अर्धी चड्डी आणि नाडी. मग महेश कोठारे आणि सचिन पिळगांवकर हे दोन बालकलाकार मोठे होऊन दिग्दर्शक झाले आणि पडद्यावर आपल्यासारखी पोरं दिसायला लागली. खिशात पैसा नाही, शहरात डोकं टेकायला जागा नाही, भांडवल म्हणून फक्त दोस्त. माझं मत विचाराल तर हे चित्रपट अजून टिकलेत ते या दोस्तीवर. विनोद पाठ झाले तरी ती चौकडी पुन्हा बघावीशी वाटते.

तेव्हा परीक्षण नको. कुठे पाहिलात, कुणाबरोबर पाहिलात, तिकिटाचे पैसे कुठून आणलेत ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. सांगली, नववी. चौघे मित्र 'धूमधडाका'ला गेलो. मध्यंतरात मला उठावं लागलं, कारण त्या दिवशी रेशनवर रॉकेल येणार होतं आणि कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझं होतं. संध्याकाळी तिघेही आमच्या दारात हजर. नगरपालिकेच्या दिव्याखाली त्यांनी उरलेला चित्रपट मला करून दाखवला. एक जण महेश, एक जण लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, आणि तिसरा, जो वर्गात कधी तोंड उघडायचा नाही, तो अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर. पाइपऐवजी तोंडात पेन्सिल. 'व्याख्या विख्खी वुख्खू' म्हणताना त्याने असा काही ठसका काढला की शेजारच्या काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. पुढे वर्षभराने उरलेला भाग पडद्यावर पाहिला. चांगलाच होता, पण मला आमच्या मित्राचा ठसका जास्त आवडला, आजही आवडतो.

सातारा जिल्ह्यातून

आम्ही बघितला तो थेटरात न्हवं, तंबूत. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तिथं टुरिंग टॉकीज यायच्या. दिवसभर बैलबाजार, आणि दिवस मावळला की तंबूवरचे कर्णे सुरू. एका कर्ण्यावर एक गाणं, दुसऱ्यावर दुसरं, मधी उभं राहिलं तर दोन्ही कानांत वेगळं.

थोरल्या भावानं 'धूमधडाका'चं तिकीट काढलं, पण आत गेलो तर पाय ठेवायला जागा न्हाई. पडद्याच्या म्होरं एका अंगाला बापय, एका अंगाला बायका, सगळं खच्चून भरलेलं. मग डोअरकीपरनं आम्हांला पडद्याच्या मागं बसवलं. ज्यांनी असा पिक्चर बघितलाय त्यांनाच कळंल. चित्र दिसतं, पण सगळं उलटं. नावं आली ती आरशातल्यावानी. भाऊ तेव्हा सातवीत, मी चौथीत. तो एकेक अक्षर उलटं लावून मला वाचून दाखवत होता, "अ-शो-क स-रा-फ". थंडी मरणाची, आम्हां दोघांत एक घोंगडं. लक्ष्या बापाला भुताची गोष्ट सांगतो आणि शरद तळवलकर खुर्चीत आकसत जातात, तिथं भावानं घोंगडं तोंडावर ओढून घेतलं, म्हणून तेवढा सीन मी कानानंच बघितला.

भाऊ आता गावाकडं शेती बघतो. ह्या वर्षी दोघं मिळून यात्रेला जायचं ठरवलंय.

डोंबिवली

आमच्या चाळीत गणपतीत व्हिडिओ यायचा. दर खोलीमागे वर्गणी, एका रात्रीत तीन चित्रपट: एक हिंदी मारधाड, एक मराठी, आणि पहाटे जागे उरतील त्यांच्यासाठी एक देवाधर्माचा. मराठी कुठला यावर मतदान व्हायचं आणि दर वर्षी 'गंमत जंमत' जिंकायचा. कॅसेट इतकी घासलेली की 'अश्विनी ये ना' लागलं की पडद्यावर आडव्या रेघा सुरू. मग व्हीसीआरवाला दादा झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा. नोट कोरीच लागायची, आणि ती दर वेळी दोन नंबरच्या खोलीतले आजोबा द्यायचे, कारण त्यांच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या जपून ठेवलेल्या असायच्या.

ते गाणं किशोरकुमारांचं. १९८७च्या ऑक्टोबरात ते गेले. त्यानंतरच्या गणपतीत हे गाणं लागलं तेव्हा आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि गाणं संपेपर्यंत उभेच होते. हसायच्या गाण्याला उभा राहिलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

पणजी

थोडक्यात लिहिते. वर्षा उसगांवकर आमच्या गोव्याची. 'गंमत जंमत' आला तेव्हा आमच्या वर्गातल्या मुली तो आपलीच चुलतबहीण पडद्यावर आल्यासारख्या बघायला गेल्या. केस तसे कापून घ्यायचे म्हणून मी आईशी आठवडाभर बोलले नव्हते. कापू दिले नाहीत ते नाहीतच.

नागपूर, आता पुणे

आमच्याकडे तेव्हा हिंदी पिच्चरचंच राज्य होतं बाप्पा. मराठी पिच्चर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर लागला तर लागला. त्यामुळे 'बनवाबनवी' मी पुण्यात इंजिनीअरिंगला आल्यावर पाहिला, आणि तो माझ्यासाठी विनोदी पिच्चर नव्हताच, तो रोजचा दिवस होता.

सांगतो. होस्टेलला नंबर लागला नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ, सगळीकडे जागा शोधत फिरलो. घरमालकांचे प्रश्न ठरलेले: गाव कोणतं, खाता काय, लग्न झालं का. बॅचलरला जागा नाही, ही पाटी मी पत्त्यासारखी पाठ केली होती. शेवटी एका वाड्यात एका माणसापुरती खोली मिळाली आणि त्यात आम्ही तिघं राहिलो. दोघांनी रात्री दहानंतर यायचं, चपला हातात घ्यायच्या, तिसरी पायरी वाजते म्हणून तिच्यावर पाय द्यायचा नाही. अशात कुणीतरी म्हणालं, चला पिच्चरला. पडद्यावर सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार भाडेकरूला प्रश्न विचारायला लागले, तसे आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहून गप्प. सारं थिएटर हसत होतं. मग माझ्या डावीकडचा हळूच म्हणाला, "आपल्यातला पार्वती कोण होणार ते आत्ताच ठरवा." (पिच्चरमध्ये जागेसाठी लक्ष्या बाईचं सोंग घेऊन मित्राची बायको पार्वती होतो.) आणि आम्ही सुटलो ते सुटलोच, पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं तरी थांबेना.

वसंत सबनीसांच्या लेखणीची ही करामत. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'ची, पण जागेची ती अडचण, तो खडूस मालक, ते घाबरत घाबरत खोटं बोलणं इतकं इथलं करून टाकलं की उसनं वाटतच नाही. पोरं खोटं बोलतात ती चैनीसाठी नव्हे, डोक्यावर छप्पर हवं म्हणून. त्यामुळेच ती पकडली जाऊ नयेत असं आपल्याला मनापासून वाटतं.

(पुण्याच्या वाड्यातली खोली वाचून राहवलं नाही. आमच्या वाड्यातली वाजणारी पायरी पाचवी होती. — धागाकर्ती)

न्यू जर्सी

मी १९९५ साली इकडे आले. सामानात दोन व्हिडिओ कॅसेट होत्या, त्यातली एक 'बनवाबनवी'ची. इथल्या व्हीसीआरवर ती चालेना, आपली पद्धत वेगळी, इथली वेगळी. पैसे देऊन बदलून घ्यावी लागली, आणि पहिल्या हिवाळ्यात ती इतक्या वेळा लावली की नवऱ्याचे पंजाबी सहकारीही सोबत बघून हसायला लागले.

पण मला वेगळंच सांगायचंय. मागच्या वर्षी भाचीच्या डोहाळजेवणात सगळ्या बायकांनी 'कुणीतरी येणार येणार गं' म्हटलं. आता जिथे जाल तिथे डोहाळजेवणाला हेच गाणं. हे गाणं लक्ष्याच्या, म्हणजे पार्वतीच्या, खोट्या डोहाळजेवणाचं आहे हे किती जणींच्या लक्षात असतं कोण जाणे. मला तर ते फारच छान वाटतं. एका सोंगातलं गाणं खऱ्या आयांच्या ओटीत येऊन बसलं, याहून मोठी पावती त्या चित्रपटाला काय मिळणार!

नाशिक

वर सगळ्यांनी भरभरून लिहिलंय, मी एक खटकलेलं लिहिते, कारण प्रेम आहे म्हणूनच खटकतं. मुलीबरोबर यातले काही चित्रपट पुन्हा पाहिले. मुलीच्या मागे लागलं की ती पटते, बाईच्या जाडीवर हसायचं, हे तेव्हा आम्ही गिळलं. मुलीने नाही गिळलं. तिने चित्रपट थांबवून मला विचारलं, "आई, तू यावर हसायचीस?" हो, हसायचे.

मात्र 'बनवाबनवी'तल्या अश्विनी भावेंकडे तिने वेगळ्या नजरेने पाहिलं. ती बाई धनंजय मानेची, म्हणजे अशोक सराफांची, वरिष्ठ आहे, व्यवहार तिच्या हातात आहे, आणि त्यावर चित्रपटात कुणी हसत नाही. १९८८ साली हे होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेकीने दाखवलं.

ठाणे

१६ डिसेंबर २००४. लक्ष्मीकांत बेर्डे गेल्याची बातमी आली तेव्हा मी लोकलमध्ये होतो. दारातल्या कुणीतरी मोठ्याने सांगितलं, "लक्ष्या गेला." डब्यात ओळखीचं कुणी नव्हतं, तरी सगळे एकमेकांशी बोलायला लागले. कुणी 'टूर टूर' नाटक पाहिलेलं, कुणी 'दे दणादण'मध्ये लाल रंग दिसला की त्याची शक्ती कशी जाते ते सांगत होतं. सांगणारे हसत होते आणि डोळे पुसत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये सिद्धार्थ रे गेला होता, बनवाबनवीतला शंतनू. चौकडीतले दोघे एकाच वर्षात. मुलुंड कधी मागे पडलं कळलं नाही.

अशोकमामांना 'महाराष्ट्रभूषण' आणि २०२५ला पद्मश्री मिळाली तेव्हा मला पहिल्यांदा त्या डब्याचीच आठवण झाली.

लालबाग

माझे वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा कधी नीट सुरू झालीच नाही. घरात हसण्याचा आवाज थांबला होता, तो कुणी ठरवून थांबवला नव्हता. आई पापड लाटायची, खानावळीचे डबे करायची. 'भारतमाता' थिएटर घरापासून चालत पाच मिनिटांवर, पण त्या वर्षांत तिथे जायचं म्हणजे एका डब्याचे पैसे.

१९८९ साली आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मुलांनी बनवाबनवीवरून एक प्रवेश बसवला आणि पार्वती माझ्या वाट्याला आली. नऊवारी कुठून आणायची? घाबरत घाबरत आईला विचारलं. तिने ट्रंकेतून तिची लग्नातली हिरवी साडी काढली. डांबरगोळ्यांचा वास येत होता. मला मोरीसमोर उभं केलं आणि नेसवायला घेतलं. निऱ्या दातात धरून मोजल्या, कासोटा इतका आवळला की मी ओरडलो, आणि म्हणाली, "गप उभा राहा, बायका रोज नेसतात." सहा पिना लावल्या. मग चालायला शिकवलं. टाच आधी नाही, पाऊल सबंध टेक. पदर एका हाताने धर, दोन्ही हातांनी धरलास तर सोंग वाटेल.

ती कार्यक्रमाला येणार नव्हती, डबे होते. पण स्टेजवर मी डोकं वर केलं तर शेवटच्या बाकाच्या मागे, दाराशी, हातात रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन उभी. शेजारी वडील. दोघेही हसत होते. वडिलांनी तर भिंतीला हात टेकला होता.

रात्री घरी साडी सोडताना तिने एकेक पीन काढून मोजून डबीत टाकली. सहाच्या सहा भरल्या तेव्हा म्हणाली, "पदर मात्र छान सांभाळलास हो."