मदत हवी आहे : चोरीचा गुन्हा नोंदवून घेत नाहीत, पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी. आमची रावेर पट्ट्यात केळी आहे. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरट्यांनी कापून नेली, तांब्यासाठी. ऐन उन्हात बागेचं पाणी बंद पडलं. आप्पा पोलीस ठाण्यात गेले, तर साहेब म्हणाले, "साधा अर्ज द्या, केबलीचा कुठे गुन्हा करता?" अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. सत्तरीच्या माणसाला बाहेर उभं ठेवलं, याचा फार संताप आला.

तिथल्याच एका हवालदारांनी मात्र आप्पांना बसवलं, पाणी दिलं, कापलेल्या टोकांचे फोटो काढून ठेवायला सांगितलं. अशी माणसंही खात्यात आहेत, हे सांगायलाच हवं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे ठाण्याने नकार दिला तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि गुन्हा नोंदला की प्रत फुकट मिळते, एवढं वाचलंय. जळगावला कोणी अशी तक्रार पाठवली आहे का? मजकुरात काय असावं? सोबत केबलचं बिल लागतं का? आमच्याकडचं हरवलंय. आणि त्या हवालदारांचं चांगलं काम अधीक्षकांना वेगळ्या पत्राने कळवलं, तर ठाण्यात त्यांना त्रास तर होणार नाही ना?