नरकासुर आणि मणिपूरची छोटी

म्हापशाहून, सांस्कृतिक समिती:
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगीत मणिपूरचं कुटुंब राहायला आलंय. आई हॉटेलात कामाला, मुलगी पाच वर्षांची. मे २०२३च्या हिंसाचारात घर जळालं, मग बरेच महिने छावणीत. छोटी फारशी बोलत नाही, रात्री दचकून उठते, अंथरूण ओलं करते. दिवाळीतल्या नरकासुर स्पर्धेला (नरकासुराचे मोठे पुतळे करून पहाटे जाळतात ती) दोघींना स्टेजवर बोलवून खेळणी देऊया. आई चार शब्द बोलली तर मदतनिधीही जमेल. काय वाटतं?

फोंड्याहून, माजी बालवाडी शिक्षिका:
अरे बाळा, स्टेज नको. तिकडे सुमारे ६०,००० माणसं घरं सोडून पळाली. त्यातलं एक पोर दिव्यांखाली उभं करून निधी जमवायचा नसतो. आणि ‘काय झालं सांग’ म्हणून तिला खोदून विचारूही नका. एवढ्या वयात भीती शब्दांत येत नाही, झोपेत आणि खेळात येते. भातुकलीतलं घर रोज जळत असेल तर जळू दे, जवळ बसा. अंथरुणावरून ओरडू नका, एवढं आईला सांग.

खरं काम आईपाशी आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मुलांना सांभाळताना बालमानसतज्ज्ञ ॲना फ्रॉइडनी नोंदवलंय की बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना जास्त लागली. मग छोटीच्या आईची हॉटेलातली रात्रपाळी सुटेल का ते बघा ना! आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलं. तिथे शाळा होती, स्काउट होते, नाटकं होती. मला त्यातलं रोजचं ठरलेलं वेळापत्रक मोलाचं वाटतं. छोटीला अंगणवाडीत घाला, रोज त्याच वेळी.

तरीही खाणं-खेळणं सुटलं, बोलणं आणखी कमी झालं, तर बांबोळीला मनोविकार संस्थेत दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहेच, तो आईलाही उपयोगी.

मस्कतहून:
काकी, सगळं पटलं. पण पहाटे नरकासुर जाळणार कुठे? तिच्या खिडकीखालीच ना?

म्हापशाहून:
हो, गेटसमोरच. यंदा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेतो. डीजेवाली पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत.

फोंड्याहून:
वेळ आईला आदल्या दिवशीच सांग. आणि सांगाडा दिवसा बांधता तेव्हा छोटीला कागद चिकटवायला बोलवा, पण आईसोबतच. मागे सरली तर आग्रह नको. खेळणी घरी नेऊन द्या, फोटो काढू नका.