सगळ्याच गाड्या बोटीने आलेल्या नव्हत्या

जुन्या काळच्या नटनट्यांच्या गाड्यांचे फोटो वरच्या पोस्टमध्ये टाकलेत आणि त्या झाडून सगळ्या गाड्या परदेशात बनून बोटीने यायच्या, असं तिथे म्हटलंय. रोल्स-रॉइसपुरतं ते मान्य, पण डॉज, प्लिमथ, डिसोटो दिसली की जरा थांबायला हवं. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी निघाली, या गाड्या बनवणाऱ्या अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ पासून या गाड्या कुर्ल्याला तयार होऊ लागल्या. सुरुवातीला पेट्यांतून सुटे भाग यायचे, जोडणी इथल्या कामगारांच्या हातची. शेवरोले तर जनरल मोटर्स १९२८ पासूनच शिवडीत जोडत होती. आणि प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद जन्माने आपल्या सोलापूरचे (१८८२)! इथे त्यांचं नाव निघालं की लोकांना त्यांच्या नावाचं कॉलेज आठवतं, मोटारी कुणालाच आठवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

नवी पेठेतल्या आमच्या काकांच्या अल्बममध्ये अशाच एका गाडीचा फोटो आहे. भिंगातून पाहिलं तर बॉनेटवर डॉजची अक्षरं, बाकी ठेवण हुबेहूब प्लिमथची. डॉज किंग्जवे ती हीच, प्लिमथचीच बॉडी, नाव तेवढं वेगळं. म्हणून वरच्या पोस्टमधल्या तिसऱ्या फोटोतल्या गाडीला एवढ्यात प्लिमथ म्हणू नका. स्टिअरिंग उजवीकडे आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, बाहेरून तयार आलेल्या गाड्याही तशाच असत. मूळ प्रिंट असेल तर बॉनेटचा भाग मोठा स्कॅन करून टाका, अक्षरं लागतील.