मदत हवी आहे: मोठ्या यादीचा स्पीड आणि स्क्रीन रीडर, दोन्ही कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी, फ्रंटएंडवाल्यांनी जरा लक्ष घाला. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करतोय, पूर्ण मराठीत, आणि त्यातलं खरं काम म्हणजे ग्रंथसूची: १८ हजारांच्या आसपास पुस्तकं, प्रत्येकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, कपाट नंबर, आणि पुस्तक जागेवर आहे की कुणी नेलंय. वाचक बहुतेक स्वस्तातल्या अँड्रॉइडवर बघणार, त्यामुळे सगळी यादी एकदम ओतली की फोन हँग.

म्हणून रिॲक्टमध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) व्हर्च्युअल लिस्ट लावली, म्हणजे स्क्रीनवर मावतात तेवढ्याच वीस-पंचवीस ओळी डॉममध्ये (ब्राउझरने मेमरीत उभं केलेलं पान), स्क्रोल केलं की जुन्या जातात नव्या येतात. एलसीपी (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (टॅप केल्यावर पान प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत, सगळं हिरवं.

पण वाचनालयाचे एक सभासद आहेत, निवृत्त शिक्षक, दृष्टिहीन आहेत, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात. त्यांना शेजारी बसवून साइट दाखवली. सर खालचा बाण दाबत एकेक पुस्तक ऐकत गेले आणि वीसेक पुस्तकांनंतर थेट फूटरमधला पत्ता ऐकू आला. म्हणाले, "एवढीच पुस्तकं घेतलीत का?" स्क्रीन रीडर डॉममध्ये आहे तेवढंच वाचणार, आणि बाणाने वाचताना पान स्क्रोल होईलच असं नाही, मग पुढच्या ओळी येणार कुठून? टॅबने गेलं तर आणखी वाईट, फोकस असलेली ओळच डॉममधून काढली गेली की फोकस हरवतो आणि माणूस पार पानाच्या डोक्यावर. आणि लाइटहाउस (क्रोममधलं साइट तपासायचं टूल) ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंगांना वापरता येण्याला, १०० पैकी १०० देतंय!

एरिया-रोकाउंट (स्क्रीन रीडरला एकूण ओळी सांगणारं एचटीएमएल ॲट्रिब्यूट) लावून पाहिलं, एकूण आकडा कळतो पण तिथवर जाता येत नाही. कंटेंट-व्हिजिबिलिटी ऑटो (स्क्रीनबाहेरचं डॉममध्ये ठेवून फक्त रंगवायचं टाळणारं सीएसएस) लावलं तर सगळं वाचता येतं, पण १८ हजार ओळींचं एचटीएमएल मुळातच जड, ते उतरवायला आणि पार्स करायलाच फोनला घाम फुटतो. कमिटीला तर शॉपिंग ॲपसारखं न संपणारं स्क्रोल हवंय. काय करावं?

अजून एक, फॉन्ट हलका करायला सबसेट केला, म्हणजे लागतात तेवढीच अक्षरं ठेवली, तर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असल्या शब्दांतला र काही ठिकाणी तुटून दिसतोय, सगळीकडे नाही.

प्रतिसाद:
दादा, व्हर्च्युअल लिस्ट काढूनच टाका. पानाला ५० पुस्तकं, सर्व्हरवरूनच तयार एचटीएमएल, आणि पुढचं-मागचं पान म्हणजे साध्या खऱ्या लिंक. 'आणखी दाखवा' बटणही नको, पुस्तक उघडून बॅक केलं की माणूस परत वर जातो, लिंकमध्ये पान क्रमांक असला की जागा राहते. शीर्षकात एकूण संख्या लिहा. आणि शोध सगळ्यात वर ठेवा, वाचनालयात १८ हजार नावं कोण चाळतं? पान न बदलता निकाल दाखवत असाल तर '४२ पुस्तकं सापडली' ही ओळ एरिया-लाइव्ह पोलाइटमध्ये (बदललेला मजकूर स्क्रीन रीडर आपणहून वाचतो ती सोय) टाका, नाहीतर सरांना काही घडलंय हेच कळणार नाही. लिंकना बोटाला जागा द्या, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब ॲक्सेसिबिलिटीचे नियम) किमान २४ बाय २४ पिक्सेल आहे, मी तर ४४ च ठेवते.

फॉन्टचं म्हणाल तर सबसेटमध्ये फक्त ०९०० ते ०९७एफ, म्हणजे देवनागरीचे युनिकोड क्रमांक, घेतलं असणार. झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, त्याच्या बाहेर, २००डी वर आहे. २००सी (जोड रोखणारं तसंच चिन्ह) आणि २००डी दोन्ही घ्या, सीएसएसच्या युनिकोड-रेंजमध्येसुद्धा. रुपयाचं चिन्ह २०बी९ पण. आणि एचटीएमएल टॅगवर लँग एमआर (भाषा मराठी) आहे ना? त्यावरच स्क्रीन रीडरचा आवाज मराठी होतो, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श पण मराठी वळणाचे येतात.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार! जॉइनर घातला आणि र जुळला. पानांचं कमिटीपुढे मांडतो, सरांनाच सोबत नेतो, त्यांनी वापरून दाखवलं की पटेल. पण यातून नवीनच सापडलं: जुन्या नोंदींत 'दुसऱ्या' दोन प्रकारे टाइप झालंय, कुठे नुक्तावाला ऱ, कुठे साधा र आणि जॉइनर. दिसायला सारखंच, पण एक टाइप केलं की दुसरं शोधात येत नाही, आणि एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एक करायची पद्धत) पण एक होत नाहीये. डेटाबेसमध्ये भरतानाच एकसारखं करावं की फक्त शोधाच्या इंडेक्समध्ये? कुणी केलंय का हे?