२००-५०० लेन्स खांद्याला झेपेना. निकॉन सोडू की धरून बसू?

कवडीपाटकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं निकॉन डी ७२०० आणि २००-५०० वर पक्षी टिपतोय. लेन्सच २३०० ग्रॅम. वय ५४, उजवा खांदा कुरकुरायला लागलाय. परवा भिगवणला नावेत होतो, कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) मासा घेऊन डोक्यावरून गेला. लेन्स उचलून तो सापडेपर्यंत पार ठिपका! महिन्यातून एकदा भिगवण, बाकी सिंहगड व्हॅली. कॅनन, सोनी की निकॉन झेड? झेड ८ सुचवू नका, तेवढी ऐपत नाही.

तिबोटी
कॅनन आर ७ आणि आरएफ १००-५००. ट्रायपॉडची कॉलर काढली की लेन्स १३७० ग्रॅम, शिवाय १.६ क्रॉपमुळे (सेन्सर लहान, म्हणून पक्षी मोठा दिसतो) ८०० ची पोच. पक्ष्याचा डोळा छान धरते. खोट एकच: इलेक्ट्रॉनिक शटरवर वेडा राघू उडाला की पंख वाकडेतिकडे येतात. मी मेकॅनिकलवरच ठेवतो, सेकंदाला १५ फ्रेम मिळतात. मला पुरतात.

रानवेडा
मग आरएफ २००-८०० च घ्या की काका! पोचच पोच.

बांधावरचा बगळा
रानवेड्या, ती २०५० ग्रॅमची आहे, काकांचा खांदा तिथल्या तिथेच. आणि ८०० ला एफ ९, म्हणजे उजेड कमी आत येतो. व्हॅलीत झाडीखाली स्वर्गीय नर्तक बसलाय आणि एफ ६.३ वर आयएसओ ३२०० लागतोय, तर एफ ९ वर तोच फोटो ६४०० ला जाणार, म्हणजे आणखी दाणेदार. भिगवणला उजेड भरपूर, पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा अशी थरथरते की लांबचा रोहित ८०० नेही मेणासारखाच दिसतो. तिथे लवकर निघा आणि नावेत खाली बसा, पोच आपोआप वाढते.

कवडीपाटकर, तुमचं दुखणं वजनाचं आहे, ब्रँडचं नाही. झेड १८०-६०० कॉलरसकट २१४० ग्रॅम, म्हणजे वाचले फक्त १६०. झूम करताना नळी पुढे सरकत नाही, त्यामुळे तोल बरा राहतो, हे खरं. सोनीची २००-६०० त्याच पंगतीतली. नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही, सगळं हातावरच.

मी असतो तर वापरलेली निकॉन ५०० एफ ५.६ पीएफ शोधली असती. १४६० ग्रॅम, म्हणजे आत्तापेक्षा ८४० कमी. तुमच्या डी ७२०० वर आजच चालेल. पुढेमागे झेड ५० टू कॅमेरा घेतलात तर एफटीझेड अडॅप्टर लावून तिथेही ऑटोफोकससकट. जुनी घेताना मागून टॉर्च मारून बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते.

तिबोटी
बगळेबुवांशी सहमत, पण ५०० पीएफला झूमच नाही, त्याची चुटपुट लागणार. थवा फ्रेममध्ये मावणार नाही.

मृगगड
ओएम-१ कॅमेरा आणि १००-४०० लेन्स विसरलात का? कॉलर काढली की लेन्स सव्वा किलोच्या आत, दुप्पट क्रॉपमुळे ८०० ची पोच. प्रो कॅप्चरमध्ये (बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षणही टिपणारी सोय) खंड्याने सूर मारायच्या आधीच्या फ्रेमही मिळतात. सेन्सर लहान, व्हॅलीतल्या अंधारात थोडी कुरकुर करतो. पण सगळी निकॉन विकावी लागेल, हे आहेच.

कवडीपाटकर
सर्वांचे आभार. ५०० पीएफ शनिवार-रविवार भाड्याने आणली होती. व्हॅलीत सकाळभर हातात धरली, संध्याकाळी बाम लागला नाही. शिक्रा झकास आला. रविवारी भिगवणला एक रोहित नावेच्या अगदी जवळ आला, त्याचे पाय कापले गेले आणि एकदा चोचही. पण कैकर मिळाला, तीन फ्रेम, एक खणखणीत. शोधतोय आता वापरलेली. माझी २००-५०० कुणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हूडवर एक ओरखडा आहे, काच स्वच्छ.